डायबॅकच्या मागावर: बागेतल्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

आजपासून नोंदी सुरू. बाग मिश्र आहे, मुख्य द्राक्ष, कडेने जर्दाळू आणि प्लम, खालच्या अंगाला सफरचंद. वरवर तक्रार सगळीकडे एकच, डायबॅक, म्हणजे फांदी शेंड्याकडून वाळत खाली येते, द्राक्षात ओलांड्याचा (खोडापासून तारेवर आडव्या वाढवलेल्या फांदीचा) अर्धा भाग फुटतच नाही आणि उरलेला मस्त हिरवागार, आणि पुढच्या हंगामात त्या हिरव्यातलाही अर्धा जातो. आतापर्यंत यावर उपाय काय तर वाळकं दिसलं की बुरशीनाशक फवारा. माझ्या मते ते सगळं वाया गेलं, रोग लाकडाच्या आत आणि औषध पानावर, दोघांची गाठच पडत नाही. म्हणून या वर्षी पंप बाजूला. आधी बघायचं कुठल्या झाडात नक्की कोण बसलंय, ते शिरलं कुठून, आणि छाटणीची जखम झाकून खरंच काही फरक पडतो का.

आज संशयित झाडांना टॅग लावले आणि फांदीतली बुरशी सोडून बाकीची कारणं तपासत गेलो. बुंध्यापाशी माती उकरून मुळं बघितली, कारण फायटोफ्थोरासारखी मूळकूज असेल तर वरून दिसायला डायबॅकच दिसतो आणि मग अख्खा प्रकल्प भलत्याच दिशेला जातो. सालीखाली पांढरी पंख्यासारखी पसरलेली बुरशी (म्हणजे आर्मिलारिया) कुठे नाही, खोडकिडीची भोकं आणि भुसा फक्त एका प्लमवर, तो यादीतून काढला. बाकीच्यांची मुळं ठणठणीत आहेत. म्हणजे जे काय आहे ते वरच आहे.

१९ जानेवारी

करवतीचा दिवस. टॅग लावलेल्या वेलींचे मेलेले ओलांडे कापले आणि प्रत्येक कापाचा लगेच फोटो काढला, लाकूड ताजं असतानाच डागाचा रंग खरा दिसतो, तासाभरात सगळंच तपकिरी व्हायला लागतं.

तीन प्रकार स्पष्ट दिसले. पहिला म्हणजे पाचर. गोल कापात सालीकडून गाभ्याकडे निमुळती होत गेलेली तपकिरी कडक पाचर, बाकी लाकूड पांढरं स्वच्छ. दुसरा, वार्षिक वलयांमध्ये काळे ठिपके, दाबलं की काही ठिकाणी काळा चिकट द्रव बाहेर येतो. तिसरा, अगदी जुन्या वेलींत, मधोमध पिवळट पांढरं मऊ लाकूड, नखाने खरवडता येतं, आणि त्याच्याभोवती काळी रेघ. एकाच वेलीत दोन-दोन प्रकारही सापडले, वर पाचर आणि खाली ठिपके.

पाचरच का होते हे मला आधी कळत नव्हतं. झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंती घालतं आणि तेवढा भाग सोडून देतं. अमेरिकेतल्या वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगोने १९७७ साली हे चार भिंतींचं चित्र मांडलं. वर-खाली जाणारी भिंत सगळ्यात कमजोर, कारण तिथे रसवाहिन्यांच्या नळ्या बुजवायच्या असतात, आणि आडव्या दिशेला लाकडातले किरण (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या) बुरशीला बरंच अडवतात. त्यामुळे बुरशी लांबीला सुसाट सुटते आणि रुंदीला अडकते, आडवा काप घेतला की पाचर दिसते आणि उभा चिरला की हातभर लांब पट्टा. आज एक ओलांडा मुद्दाम उभा चिरला, वर अंगठ्याएवढी दिसणारी पाचर खाली पार खोडात उतरलेली. बाहेरून साल अगदी निरोगी!

आणि प्रत्येक, अगदी प्रत्येक पाचर वर शोधत गेलं की एका जुन्या मोठ्या छाटणीच्या जखमेपाशी जाऊन संपते. बारीक काडी कापलेल्या जागी फारसं काही नाही. जिथे कधीतरी वेलीचा आकार बदलायला जाड लाकूड कापलंय तिथेच दार उघडं राहिलंय.

२३ जानेवारी

नमुने लॅबमध्ये. पीडीए, म्हणजे बुरशी वाढवायचं माध्यम, घरच्या बटाट्याचंच केलं, लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम अगर, १२१ अंशाला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह, थंड होताना स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे बॅक्टेरिया गप्प बसतात. लाकडाची साल काढून तुकडे आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुचकळले, मग पातळ सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर, मग निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवून टिपकागदावर वाळवले.

तुकडा कुठून घ्यायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. पार मेलेल्या मधल्या भागातून घेतला तर तिथे आता मूळ आरोपी नसतोच, नंतर आलेले मेलेल्या लाकडावर जगणारे भुरटे असतात आणि प्लेट त्यांनीच भरून जाते. डाग आणि निरोगी लाकूड यांची जी सीमा आहे, तिथून अर्धा तुकडा तपकिरी अर्धा पांढरा असा घ्यायचा, लढाई तिथे चालू असते. दोन्हीकडचे घेतले आणि वेगळे लेबल केले, फरक बघायचाच आहे.

२७ जानेवारी

काही प्लेट्स आत्ताच काठोकाठ भरल्या. पांढरी कापसाळ बुरशी, खालून बघितलं तर मधून राखाडी काळपट व्हायला लागलीय. एवढा वेग म्हणजे जवळपास खात्रीने बोट्रिओस्फेरिया कुळ, पुढे नुसतं बोट्रिओ म्हणेन. या कुळातल्या निओफ्युसिकॉकम, डिप्लोडिया, लासिओडिप्लोडिया या तीन नावांनी जगभरच्या फळबागांना पिडलंय, द्राक्ष, आंबा, अव्होकाडो, अक्रोड, पिस्ता, संत्रावर्गीय, कुणालाच सोडत नाहीत. लासिओडिप्लोडिया थिओब्रोमी उष्ण हवेचा भिडू, तिशीच्या आसपासचं तापमान त्याला फार मानवतं, आंब्याच्या फांदीमरीत त्याचं नाव नेहमी पुढे असतं.

ज्या प्लेट्समध्ये अजून काहीच दिसत नाही त्या फेकायच्या नाहीत असं मोठ्या अक्षरात फ्रीजवर लिहून ठेवलंय, कारण साफसफाईच्या उत्साहात त्याच आधी जातात.

मेलेल्या मधल्या भागातल्या तुकड्यांतून अपेक्षेप्रमाणे हिरवी पेनिसिलियम आणि काळी अल्टर्नेरिया. आणि गंमत म्हणजे काहींतून ट्रायकोडर्मा, दुसऱ्या बुरशींना दाबणारी उपयोगी बुरशी, जी आपण पुढे विकत आणून जखमांना लावणार आहोत ती इथे आपली आपण लाकडात राहतेय.

९ फेब्रुवारी

हळू वाढणाऱ्यांनी तोंड दाखवलं. पाचरवाल्या काही नमुन्यांतून पांढरी, आळशी, कडेला पसरणारी वसाहत आलीय, युटायपा लाटा (लाकडात शिरून डायबॅक करणारी बुरशी) असावी, पण नुसतं पांढरं दिसणं हा काही पुरावा नाही, अर्ध्या बुरश्या पांढऱ्याच असतात. ठिपकेवाल्या लाकडातून ऑलिव्ह हिरवी, चामड्यासारखी, अगदी मुंगीच्या पावलाने वाढणारी एक, ही फिओमोनिएला क्लॅमिडोस्पोरा, हिला टिकलीएवढं व्हायलाच आठवडे लागतात. म्हणून ते फ्रीजवरचं लिहिलेलं.

मायक्रोस्कोपखाली डिप्लोडियाचे बीजाणू मिळाले, तपकिरी, अंडाकृती, शंकाच नको. बोट्रिओवाल्यांना बीजाणू करायला लावायचे तर नुसत्या पीडीएवर ते आळस करतात, निर्जंतुक केलेल्या पाइनच्या सुया साध्या पाणी-अगरवर ठेवून त्यावर वाढवल्या की सुईवर काळ्या फोडी येतात, त्यात बीजाणू. युटायपासाठी मात्र डीएनएच बघावा लागेल. शुद्ध केलेल्या वसाहती आयटीएस आणि बीटा-ट्युब्युलिन या डीएनएच्या दोन्ही भागांच्या तपासणीसाठी पाठवतोय, एकट्या आयटीएसवर बोट्रिओ कुळातले जवळचे भाऊ वेगळे काढता येत नाहीत.

१६ फेब्रुवारी

जखमांचा प्रयोग लावला. निरोगी रांगेतल्या वेलींवर मागच्या वर्षीच्या काड्या छाटल्या आणि चार गट केले, गट चिठ्ठ्या टाकून ठरवले, म्हणजे चांगल्या वेली आवडत्या औषधाला जाणार नाहीत.

एक गट उघडा, काहीच नाही. दुसऱ्याला बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र, आणि त्यात लोखंडी पातं बुडवून बघायचं, पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं आहे, अजून चुना घाला. तिसऱ्याला अॅक्रिलिक रंगात टेब्युकोनॅझोल हे बुरशीनाशक मिसळून ब्रशने. चौथ्याला ट्रायकोडर्मा, ती मात्र दुसऱ्या कुठल्याही बुरशीनाशकाच्या भांड्यात जाऊ द्यायची नाही, कार्बेन्डॅझिमचा अंश जरी लागला तरी बिचारी मरते. वेगळा ब्रश, वेगळी बादली, त्यावर लाल पट्टी.

काप घेताना थोटूक ठेवलं. द्राक्षात कापाखाली लाकूड वाळत जातं, साधारण काडीच्या जाडीइतकं खोल, कधी जास्तही, त्यामुळे ओलांड्याला अगदी चिकटून सपाट कापलं की हा वाळका शंकू थेट मुख्य रसवाहिन्यांत घुसतो. दिसायला सुबक, पण वेलीसाठी घातक. थोडं थोटूक ठेवलं की वाळायचं ते थोटकातच वाळतं. झाडांचं गणित वेगळं, तिथे फांदीच्या बुडाशी जो फुगीर कॉलर असतो त्याच्या बाहेरून कापायचं, मग झाड कापाभोवती वळी धरतं.

१७ फेब्रुवारी

रात्री पाऊस. प्रयोगाच्या दृष्टीने उत्तम, वेलींच्या दृष्टीने वाईट. छाटून झालेल्या मुख्य बागेतल्या सगळ्या जखमा आज उघड्या आहेत. ताजी जखम पहिले दोन आठवडे सगळ्यात जास्त धोक्यात असते, मग हळूहळू बंद होत जाते, पूर्ण सुरक्षित व्हायला महिना-दीड महिना धरायचा. आणि युटायपाचे बीजाणू पावसावरच सुटतात, दोनेक मिलिमीटर पाऊससुद्धा पुरतो, सुरुवात झाल्यावर दोन-तीन तासांत सुटायला लागतात आणि पाऊस थांबल्यावरही दिवस-दीड दिवस चालूच. म्हणजे "पाऊस थांबला, चला छाटू" हा सगळ्यात वाईट मुहूर्त.

५ मार्च

बीजाणू येतात कुठून हे शोधायला सगळ्या बांधाने फिरलो. तारेच्या कुंपणाला टेकवून ठेवलेले जुने वेलींचे बुंधे, सरपणाचा ढीग, आणि एक पार मेलेला जर्दाळू जो "पाखरं बसतात" म्हणून ठेवलेला. साल निघून गेलेल्या लाकडावर काळा खरखरीत पृष्ठभाग, पात्याने पातळ खाप काढली आणि भिंगातून बघितलं तर बारीक बारीक कोठड्या ओळीने बसलेल्या, हीच ती युटायपाची फळं. मेलेल्या लाकडावर ती धरायला काही वर्षं जातात, पण एकदा धरली की दर पावसाला बीजाणू उडवत राहतात. आणि हे बीजाणू वाऱ्यावर ५० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे आपला ढीग जाळला म्हणून बाग निर्जंतुक झाली असं नाही, पण बहुतेक बीजाणू जवळपासच पडतात, तेव्हा स्वतःच्या दारातला कारखाना तरी बंद करायलाच हवा. ढीग हलवला, जर्दाळूही गेला. पाखरांनी दुसरं झाड शोधावं.

बोट्रिओचं वेगळं. त्यांच्या काळ्या फोडी वेलीवरच्याच मेलेल्या काड्यांवर, जुन्या थोटकांवर, जमिनीवर पडलेल्या छाटणीवर असतात आणि बीजाणू मुख्यतः पावसाच्या थेंबांच्या उडण्याने पसरतात, म्हणजे शेजारची वेल आधी. छाटणी रांगेतच पडू देणं मला म्हणून पटत नाही, निदान जाड लाकूड तरी बाहेर काढावं. बारीक काड्यांचा भुगा करून कुजवला, कंपोस्ट नीट तापलं, तर चालतं.

कात्री निर्जंतुक करण्यावरून आज वाद झाला. दर वेलीला कात्री अल्कोहोलने पुसणं काही वाईट नाही, सेरॅटोसिस्टिससारख्या बुरशीत (डाळिंबाची मर, आंब्याची अचानक मर) अवजारावरून रोग खरोखर जातो. पण युटायपा आणि बोट्रिओ हे प्रामुख्याने हवेतून आणि पाण्याच्या उडण्यातून येतात, तिथे कात्री पुसत बसण्यात जो वेळ जातो तो जखम झाकण्यात घालवला तर जास्त हाती लागेल. माझं मत हेच राहिलं, समोरच्याचं त्याचं.

६ मे

फुटवे वीतभर ते दीड वीत झालेत, युटायपा ओळखायचा हाच काळ, पुढे आजूबाजूची निरोगी वाढ त्यावर पसरते आणि सगळं झाकून जातं. खुजे फुटवे, पेरं आखूड, पानं लहान, पिवळट, वाटीसारखी वळलेली, कडा फाटक्या-करपट. घड धरलेत पण मणी गळणार किंवा लहान-मोठे होणार. बुरशी पानात मुळीच नाही, ती खाली लाकडात बसून विष तयार करते (त्यातलं युटायपिन हे चांगलं अभ्यासलेलं), ते रसातून वर येतं आणि पानं अशी होतात. ही पानं कितीही वेळा प्लेटवर लावली तरी त्यातून युटायपा मिळणार नाही.

आणि ही लक्षणं दिसायला संसर्गापासून तीन ते आठ वर्षं लागतात. म्हणजे आज जी वेल आजारी दिसतेय तिची जखम कितीतरी छाटण्यांआधीची आहे, आणि आज जी वेल तजेलदार दिसतेय तिच्या आत काय चाललंय ते पुढे केव्हातरी कळणार. नवी बाग लावणारे पहिली काही वर्षं निर्धास्त असतात, आणि जखमा झाकायला सुरुवात करतात ती रोग दिसल्यावर, खरं तर वेल तरुण असताना केलेलं संरक्षणच पुढे कामाला येतं.

खुज्या फुटव्यांच्या सगळ्या वेलींना केशरी रंगाचा पट्टा मारला. बोट्रिओवाल्या वेलींवर अशी पानं नाहीत, तिथे डोळे नुसते फुटतच नाहीत. त्यामुळे नुसत्या नजरेने एवढं तरी वेगळं काढता येतं.

२० मे

डीएनएचे निकाल आले. पाचरवाल्या वेलींपैकी काहींत युटायपा लाटा, पण जास्त वेलींत निओफ्युसिकॉकम पार्व्हम आणि डिप्लोडिया सिरिएटा. म्हणजे पाचर दिसली की युटायपा म्हणून मोकळं व्हायचं हे चुकीचंच, काप दोघांचा अगदी एकसारखा दिसतो. ठिपक्यांच्या लाकडात फिओमोनिएला आणि फिओअॅक्रेमोनियम, म्हणजे एस्का गट, वेलीचं लाकूड आतून निकामी करणारा रोग. मऊ पांढऱ्या लाकडातून फोमिटिपोरिया. जर्दाळूत युटायपा, आणि यात नवल नाही, ऑस्ट्रेलियात हा रोग आधी जर्दाळूवरच नीट अभ्यासला गेला आणि द्राक्षाशी त्याचं नातं नंतर जुळलं. ८० हून जास्त प्रकारच्या झाडाझुडपांवर ती राहू शकते. जर्दाळू आणि द्राक्ष शेजारी लावताना हे कुणी बघत नाही.

सफरचंदाच्या कँकरमधून निओनेक्ट्रिया डिटिसिमा. तिथे खोलगट, वलयावलयाने साल फुटलेली जखम असते, हिवाळ्यात त्यावर बारीक लाल दाणे येतात. ही द्राक्षापेक्षा वेगळ्याच वाटेने शिरते, पान गळून जिथे खूण राहते तिथूनसुद्धा, छाटणी केलीच पाहिजे असं नाही.

२८ मे

शस्त्रक्रिया. हवामान कोरडं, पुढचे काही दिवस पाऊस नाही. केशरी पट्ट्याच्या वेलींवर ओलांडा किंवा खोड खाली खाली कापत जायचं, काप पूर्ण स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत, आणि तो दिसल्यावरही अजून निदान वीतभर, साधारण २० सेंटीमीटर खाली जायचं. कारण बुरशी डागाच्या काही सेंटीमीटर पुढे असते, लाकडाचा रंग बदलायला वेळ लागतो, बुरशीला नाही. इथे कंजूषपणा केला की दोन-तीन वर्षांनी तोच खेळ. कापल्या कापल्या रंग-टेब्युकोनॅझोलचा जाड थर.

खोडाच्या खालून आलेला एखादा वॉटरशूट आधीच राखला असेल तर त्यालाच नवं खोड म्हणून वर चढवायचं, मुळं जुनी आणि दांडगी असल्याने वेल लवकर उभी राहते. मात्र फुटवा कलमाच्या जोडाच्या वरचा हवा, खालचा असेल तर तो खुंटाचा, त्याला द्राक्षं येतील ती भलतीच. काही वेलींत डाग थेट जोडापर्यंत पोचलेला, त्या उपटल्या.

१५ जुलै

कडक ऊन. एक वेल सकाळी बरी होती आणि आता सगळी पानं कोमेजून लटकलीत, घड वाळतायत. हा एस्काचा झटक्याचा प्रकार, लाकूड आतून निकामी झालेलं असतं आणि उन्हाने पाण्याची मागणी वाढली की पुरवठा कोसळतो. दुसऱ्या काही वेलींवर सावकाश प्रकार, पानांच्या शिरांलगत हिरवं आणि मधे पिवळे-लालसर करपट पट्टे. हे पट्टे एका वर्षी येतात आणि पुढच्या वर्षी त्याच वेलीवर येतच नाहीत, त्यामुळे एका हंगामाचं मोजमाप बघून "बरी झाली" म्हणायचं नाही आणि कुठल्याही औषधाला त्याचं श्रेय द्यायचं नाही. एस्कावर पूर्वी सोडियम आर्सेनाइट मारायचे, काम करायचं पण माणसालाही तितकंच घातक, फ्रान्समध्ये २००१ मध्ये ते बंद झालं आणि तेव्हापासून तितक्या ताकदीचं दुसरं काही मिळालेलं नाही. झटका आलेली वेल चिरून बघितली, मधलं लाकूड स्पंजासारखं.

प्लमचं काम आज उरकलं. एकावर चंदेरी पान आहे, पानावर शिशासारखी झाक, ती बुरशी पानात नसून कॉन्ड्रोस्टेरियम पर्प्युरियम लाकडात असते, तिच्यामुळे पानाची वरची त्वचा खालच्या थरापासून सुटते, मधे हवा शिरते आणि उजेड वेगळा परततो. फांदी कापली तर मधोमध गडद डाग, म्हणजे निदान पक्कं. प्लम आणि चेरी हिवाळ्यात न छाटता उन्हाळ्यात कोरड्या हवेत छाटायचं ते याच्याचसाठी, हिचे बीजाणू ओल्या थंड दिवसांत जास्त सुटतात आणि उन्हाळ्यात झाडही जखम लवकर बंद करतं. आतापर्यंत इथे सगळी झाडं एकाच वेळी हिवाळ्यात छाटायची पद्धत होती, मजुरांच्या सोयीने. ती मोडली.

६ सप्टेंबर

जखमांच्या प्रयोगाचे नमुने काढले. प्रत्येक थोटूक कापून सालीसकट लॅबमध्ये, वरून खाली ठरावीक अंतराने तुकडे. कुठला गट कुठला हे लॅबवाल्या ताईंना सांगितलेलं नाही, फक्त नंबर, नाहीतर आपण ट्रायकोडर्माच्या प्लेट्स जरा जास्तच प्रेमाने बघतो.

सोबत रोग टोचणीचाही प्रयोग चालू आहे. कुंडीतल्या मुळं फुटलेल्या काड्यांना बारीक भोक पाडून त्यात शुद्ध बुरशीचा अगर-तुकडा, वरून पॅराफिल्मची (ताणून गुंडाळायच्या पातळ पट्टीची) गुंडाळी, आणि तुलनेला काहींत नुसता निर्जंतुक अगर. निओफ्युसिकॉकमने आठवड्यांतच लांब तपकिरी पट्टा काढला आणि त्याच पट्ट्यातून परत तीच बुरशी मिळाली, म्हणजे कॉखच्या नियमांनी (टोचलेला जंतूच रोग करतो आणि परत मिळतो) आरोप सिद्ध. युटायपाच्या काड्यांत अजून खास काही नाही, तिला वर्ष लागेल, त्या कुंड्या हलवायच्या नाहीत. पाणी कमी दिलेल्या कुंड्यांत बोट्रिओचा पट्टा जास्त लांब, ताण पडलेली झाडं ही बुरशी आधी पाडते हे बरोबरच आहे.

१३ नोव्हेंबर

निकाल. उघड्या जखमांतून बोट्रिओ भरपूर, युटायपा थोडी. रंग-टेब्युकोनॅझोल सगळ्यात स्वच्छ. ट्रायकोडर्माच्या बऱ्याच जखमांत तीच परत मिळाली आणि जिथे ती मिळाली तिथे रोगकारक जवळपास नाही, पण काही जखमांत ती रुजलीच नव्हती, तिथे उघड्या जखमेत आणि तिच्यात फरक नाही. लावल्यावर लगेच पाऊस आला होता आणि थंडीही होती, तिला बस्तान बसवायला ऊब आणि थोडे दिवस लागतात. बोर्डो पेस्ट उघड्यापेक्षा बरी पण तडे गेलेत, तांबं पृष्ठभागावर राहतं, लाकडात मुरत नाही. सालीवर, खोडावर तिचा उपयोग मी नाकारत नाही, पण द्राक्षाच्या कापावर तिच्या भरवशावर राहणार नाही. एका हंगामाचा निकाल आहे, पुढच्या वर्षी गट तेच ठेवून परत करायचा.

पुढच्या हिवाळ्याचं ठरलं ते असं. छाटणी दोन टप्प्यांत, आधी काड्या लांब ठेवून ढोबळ कापायच्या, यंत्राने केलं तरी चालेल, आणि खरा काप डोळे फुटायच्या अगदी तोंडावर, तेव्हा वेलीला रस सुटतो, जखम लवकर बंद होते आणि पहिल्या टप्प्यात आत शिरलेली बुरशीही त्या तुकड्याबरोबर निघून जाते. अंगठ्यापेक्षा जाड काप त्याच दिवशी झाकायचा, पातळ काड्या सगळ्या झाकणं परवडणार नाही. पाऊस असेल तर कात्री खिशातच.

उपटलेल्या जागी नवी रोपं लागतील. रोपवाटिकेतूनच फिओमोनिएला आणि काळ्या बुडाची बुरशी घेऊन आलेली रोपं ही मोठी कटकट आहे, बाहेरून काही कळत नाही. सुप्त काड्या ५० अंशाच्या पाण्यात ३० मिनिटं ठेवल्या असतील अशीच रोपं घ्यायची, आणि आलेल्या गठ्ठ्यातलं एखादं रोप जोडापाशी उभं चिरून बघायचं. काळे ठिपके दिसले तर गठ्ठा परत.

सफरचंदाची पानगळ सुरू झालीय आणि हवा दमट आहे. पानांच्या खुणा आत्ता उघड्या पडतायत, त्यामुळे तिथे या आठवड्यात तांब्याचा एक हात, आणि निम्मी पानं गळल्यावर दुसरा. कँकरच्या लहान फांद्या त्याआधी कापून बाहेर न्यायच्यात, उद्या कोरडं राहिलं तर उद्याच.